गोल नसेल तर तलाक

माझा भाऊ देसूकी खोटं बोलत नाही. बहीण म्हणून कौतुक करत नाही हं मी. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे, वेंधळा आहे, आणि चहात इतकी साखर घालतो की चमचा उभा राहावा. पण खोटं नाही. सोफ्यांचं गादीकाम करतो. गिऱ्हाइकाने विचारलं, "उस्ताद, किती वर्षं टिकेल?" की बाकीचे कारागीर छातीवर हात ठेवून सांगतात, तुमची नातवंडं बसतील यावर. हा गिऱ्हाइकाकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "तुमचं वजन बघता स्प्रिंगा लवकर बसतील." अशाने धंदा होतो का? आमच्या दुमयातमध्ये, इजिप्तमधल्या या फर्निचरच्या गावात, दर दोन घरांआड सोफे बनतात, गिऱ्हाईक सरळ पलीकडच्या दुकानात जातं. तरी ज्याला खरंच चांगलं काम हवं असतं तो फिरून याच्याकडेच येतो, हेही सांगितलं पाहिजे.

तर अशा माणसाचं लग्न एका गोलावरून मोडलं की नाही मोडलं, हे आमच्या गल्लीला आठवडाभर कळेना. मी त्याची थोरली बहीण, तळमजल्यावर एकटी राहते. तो आणि त्याची बायको इन्साफ माझ्या वरच्या मजल्यावर. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला अजूनही ते नीट कळलेलं नाही.

फुटबॉलचं वेड त्याला कधी लागलं हे विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे पोरगं उभं राहतं ते चालण्यासाठी नाही, काहीतरी लाथाडण्यासाठी. आधी लिंबू, मग डब्याचं झाकण, मग बहिणीचे मोजे. लहानपणी माझा एकही मोजा जोडीने राहिला नाही. देसूकी मोज्यात चिंध्या कोंबायचा, वरून दोरा गुंडाळायचा, त्यावर सरस फासायचा आणि छपरावर वाळत ठेवायचा. आई ओरडायची, मी रडायचे, आणि हा गल्लीत पसार. पुढे गादीकामात शिरला तेव्हा चिंध्यांच्या जागी फोम आला. आता पन्नाशीला टेकलाय, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरत नाही, पण गल्लीतला चेंडू अजून त्याच्याच हातचा. दुकानातला चेंडू आमच्याकडे चालत नाही. तो उसळतो आणि काचा फोडतो.

सामना शुक्रवारी, तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की. एका टीममध्ये लग्न झालेले, दुसरीत बिनलग्नाचे. आमच्या वडिलांच्या वेळेपासून असंच आहे. पोराचं लग्न झालं की पहिल्याच शुक्रवारी त्याचे सवंगडी त्याला खांद्यावर घालून गल्लीच्या त्या टोकाला नेतात आणि लग्नवाल्यांच्या पुढ्यात टाकतात, "घ्या! आमच्या कामाचा राहिला नाही." नवरदेव हसतो, पण त्याचं तोंड बघावं. बायको वारलेले लग्नवाल्यांतच राहतात, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. घोळ फक्त तलाकवाल्यांचा. आमच्या न्हाव्याचा तलाक झाला, तेव्हापासून तो भिंतीला टेकून नुसता बघतो. त्याला इकडचेही बोलावत नाहीत आणि तिकडचेही.

हरणाऱ्यांनी सगळ्या गल्लीला मशब्बिक खिलवायची, म्हणजे आमची जिलबीच, फक्त मोठी आणि जाळीदार. तेव्हा भांडणाला निमित्त लागत नाही. त्यातून गोल म्हणजे काय, तर दोन विटा. वरती दांडी नाही. गोलकीपरने हात वर केला की जिथवर पोचेल तेवढी गोलाची उंची. आणि बिनलग्नवाल्यांचा गोलकीपर तामेर, तो उंचीने एवढासा. दर उंच चेंडूला तेच.

"हात सरळ कर!"

"सरळच आहे!"

"टाचा उचल!"

"टाचा कशाला? शिडी आणू का?"

असल्या भांडणात आमचे पुरुष शपथा घेतात, आणि शपथ घेतात ती बायकोच्या तलाकाची. मासेवाला सकाळी ओरडतो, "बोई ताजी नसेल तर माझ्या बायकोला तलाक!" मासा परवाचा असतो हे मांजरालाही कळतं. सुतार म्हणतो, उद्या खुर्च्या मिळाल्या नाहीत तर तलाक. चहाच्या टपरीवर पत्त्यांच्या डावाला तलाक. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या सगळ्या शपथा खऱ्या धरल्या तर आख्ख्या दुमयातमध्ये एक बाई सवाष्ण राहायची नाही. म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही, बायकाही नाहीत.

त्या शुक्रवारी बरोबरी चालली होती. मी दारात खुर्ची टाकून बसले होते, पण गोल झाला तेव्हा मी आत होते, चुलीवर बदक होतं, त्यात कांद्याचं सारण भरलेलं, ते करपलं असतं. तेव्हा गोलाचं मला विचारू नका. बाहेर एकदम गलका झाला एवढं ऐकलं. बाहेर येऊन बघते तर देसूकी दोन्ही हात वर करून उभा आणि तामेर त्याच्या पुढ्यात हात उंचावून नाचतोय.

"वरून गेला काका! हाताच्या वरून गेला! बघा, हात बघा माझा!"

"गोल आहे," देसूकी म्हणाला.

"नाही हो काका!"

"गोल आहे! गोल नसेल तर माझ्या बायकोला तलाक!"

झालं. देसूकी म्हणतो म्हणजे खरं. बिनलग्नवाले चडफडले, पण मुकाट्याने गेले आणि मशब्बिक घेऊन आले. लग्नवाल्यांचा कॅप्टन अबू रिदा, फर्निचरला पॉलिश मारणारा, त्याने सगळ्यांत जास्त खाल्ली.

ऊन उतरलं तशी सगळी मंडळी माझ्या दारापुढे टेकली. इन्साफ चहाचा ट्रे घेऊन खाली आली. एवढ्यात तामेर फोन नाचवत आला. कुणीतरी गोलाचा व्हिडिओ काढला होता. चित्र हलतंय, मध्ये एकाचं डोकं येतंय, पण चेंडू तामेरच्या हाताच्या वरून जाताना दिसतो. म्हणजे मला तसं वाटलं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हाताला लागूनच गेला.

"देसूकीकाका," तामेर म्हणाला, "काकू गेल्या की हो हातच्या! पुढच्या शुक्रवारी आमच्याकडून खेळायचं. शर्ट कुठल्या मापाचा आणू?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. देसूकीसुद्धा हसला, पण उशिरा. इन्साफने ट्रे खाली ठेवला, तामेरच्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ बघितला, फोन परत दिला आणि वर निघून गेली. थोड्या वेळाने आली ती काखेत उशी घेऊन.

"वन्सं, मी आज तुमच्याकडे झोपणार."

"का गं? भांडलात?"

"नाही. मी त्यांची बायको आहे की नाही ते कळेपर्यंत वर कशी झोपू?"

मी डोक्याला हात लावला. "अगं वेडे, असल्या शपथा काय खऱ्या असतात? मासेवाला रोज घेतो. त्याच्या बायकोला सात मुलं आहेत!"

"मासेवाल्याच्या शब्दाला काय किंमत आहे, वन्सं? माझा नवरा खोटं बोलत नाही. सगळी गल्ली म्हणते, तुम्हीही म्हणता. त्याच्या शब्दावर पोरांनी मशब्बिक आणून दिली ना? मग तो शब्द गोलापुरता खरा आणि माझ्यापुरता खोटा कसा?"

मी तिच्यासाठी गादी घातली. इन्साफ आदळआपट करणारी बाई नाही. तिने रागाने दार आपटलं असतं, तर मला समजलं असतं. ती शांतपणे उशीचा अभ्रा नीट करत होती. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात ही दोघंच, एकमेकांना धरून राहणारी. त्या रात्री वरच्या मजल्यावर एकट्याच्याच पावलांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी शेख अब्दुल बारींना मी माझ्या घरीच बोलावलं. आमच्या मशिदीचे शेख. तरुणपणी तेही डाव्या बाजूने पळायचे, चांगले पळायचे. बसल्या बसल्या म्हणाले, "चेंडू कुठल्या पायाने मारला होतास?"

"उजव्या," देसूकी म्हणाला.

"हं. उजव्याने तुझा उंचच जातो." मग त्यांना आपण कशाला आलोय ते आठवलं. "हे बघ, गोल झाला की नाही, ते मला नको. मला एवढंच सांग. शपथ घेताना तुला मनापासून वाटत होतं का, की गोल झालाय? वाटत असेल तर तू चुकलास, खोटं बोलला नाहीस. लग्नाला धक्का नाही. जीभ आवरायला शीक, गोरगरिबांना जेवू घाल आणि बायकोला वर घेऊन जा. पण गोल नाही हे ठाऊक असून शपथ घेतली असशील, तर ते माझ्या आवाक्यातलं नाही. मग मोठ्या मुफ्तींकडे जावं लागेल."

मला हायसं वाटलं. एवढंच ना! मी इन्साफकडे बघितलं. ती दाराच्या आड उभी होती आणि देसूकीच्या तोंडाकडे बघत होती.

देसूकी गुडघ्याचा पट्टा सोडून पुन्हा बांधायला लागला.

"बोल बाबा," शेख म्हणाले.

"मला माहीत नाही," देसूकी म्हणाला.

"काय माहीत नाही?"

"मला तेव्हा काय वाटत होतं ते."

"अरे, म्हण की वाटत होतं गोल झालाय!" मी ओरडले. "दोन शब्दांचं काम आहे!"

"ताई, आठवतच नाही. न आठवता म्हटलं तर ते अजून एक खोटं होईल."

सांगा आता. दुसरा कोणीही असता तर पटकन 'हो' म्हणून मोकळा झाला असता. ज्या गुणासाठी माणसाला लोक मान देतात, त्याच गुणापायी त्याचं घर मोडायची वेळ आली. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. शेख चहा पिऊन, "आठव, नीट आठव," म्हणत निघून गेले.

मग तो आठवायला लागला. दुकानातून परत आला की गल्लीत विटा मांडायचा, ज्या जागेवरून मारला होता तिथे चेंडू ठेवायचा आणि मारायचा. पुन्हा आणायचा, पुन्हा मारायचा. जाणारे येणारे थांबून बघायचे. कोणी म्हणायचं थोडं डावीकडून, कोणी म्हणायचं तेव्हा ऊन या बाजूला होतं. न्हावी भिंतीजवळून म्हणाला, "उस्ताद, माझंही असंच झालं. आठवता आठवता वर्षं गेली." मी त्याला दरडावून हाकललं, पण तो काही वाईट हेतूने बोलला नव्हता.

इन्साफ माझ्याकडे स्वयंपाक करायची आणि त्याचं ताट झाकून माझ्याच हाती वर पाठवायची.

"नवऱ्याला जेवण पाठवतेस म्हणजे बायकोच की," मी म्हटलं.

"शेजाऱ्याला ताट पाठवायला काय हरकत आहे?"

गल्लीत तर सगळं उलटंपालटं होऊन बसलं. ज्या बिनलग्नवाल्यांनी शुक्रवारी गळे काढले होते की गोल नाही, ते सगळे आता म्हणायला लागले की गोल होता. आणि अबू रिदा एक दिवस दाढी खाजवत मला, म्हणजे आदिलच्या आईला, म्हणतो, "उम्म आदिल, खरं सांगायचं तर मलाही तो बाहेरच वाटला होता."

"मग मशब्बिक चापताना नाही वाटलं?" मी म्हटलं. "तेव्हा तोंडात काय होतं?"

तामेर तर आईने शिकवून पाठवल्यासारखा आला, दारात चपला काढून उभा राहिला.

"काकू, गोल होता. मी हात नीट वर केला नव्हता. देवाशपथ."

"शुक्रवारी तू देवाशपथ म्हणालास की नव्हता," इन्साफ म्हणाली.

"शुक्रवारी मी हरत होतो, काकू."

"आणि आज?"

पोरगं खाली मान घालून म्हणालं, "आज तुम्ही हरताय."

इन्साफने त्याला बसवून चहा दिला, पांढरं चीज आणि पाव दिला, त्याच्या आईची चौकशी केली. तो गेल्यावर म्हणाली, "गुणी आहे. पण कीव येऊन दिलेला गोल मला नको." मी म्हटलं, मग तुला हवं तरी काय? ती म्हणाली, तेच तर कळत नाही वन्सं. आणि पहिल्यांदाच रडली. तिच्या रडण्यावरून मला एवढंच कळलं की तिला वर जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

पुन्हा शुक्रवार आला. नमाज आटोपून मंडळी जमली. देसूकी पट्टा बांधून उतरला आणि गल्लीच्या मधोमध उभा राहिला.

"इकडे ये रे," अबू रिदा म्हणाला.

"काका, इकडे," तामेर हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

देसूकीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग वर बाल्कनीकडे बघितलं. बाल्कनीत कोणी नव्हतं, असणार कसं, इन्साफ माझ्याकडे तांदूळ निवडत बसली होती. तो तसाच वर बघत राहिला. एकदम त्याचा चेहरा बदलला, कुणी मागून धक्का दिल्यासारखा. चेंडू तिथेच टाकून तो लंगडत माझ्या दाराशी आला. आत यायचं की नाही ते त्याला कळेना, उंबऱ्याबाहेरच थांबला.

"इन्साफ, आठवलं मला."

"काय आठवलं?"

"मी चेंडू बघितलाच नव्हता. लाथ मारली आणि वर बघितलं. तू बाल्कनीत आहेस की नाही ते. मी दर वेळी बघतो. चेंडू मारला की आधी वर बघतो, तू बघितलंस का म्हणून. त्या दिवशीही तुझ्याचकडे बघत होतो. खाली गलका झाला, मला वाटलं, झाला असणार. मी बघून शपथ घेतली नाही, इन्साफ. न बघताच घेतली."

पन्नाशीचा बाप्या, गुडघ्याला पट्टा, आणि अजून बायकोला गोल दाखवायची हौस! मी म्हटलं, सुटलो. हे ऐकून कुठल्या बाईचं मन विरघळणार नाही? मी हसतच इन्साफकडे वळले.

ती तांदळातले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. मी बाल्कनीतच होते. तुम्ही वर बघितलंत ते मी पाहिलं."

"आणि चेंडू?"

"चेंडूही पाहिला. गोल माझ्या बाल्कनीच्या खालीच आहे, तिथून स्वच्छ दिसतं. तामेरच्या हाताच्या वरून गेला, चांगला वीतभर."

"अगं बाई!" मी ओरडले. "मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं, वन्सं? पोरांना विचारलं, शेखना विचारलं, फोनला विचारलं."

मी जीभ चावली. खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

इन्साफने ताट बाजूला सारलं आणि देसूकीकडे बघितलं. "चेंडूचं जाऊ द्या. गेला बाहेर तर गेला. पण तुम्ही माझ्याकडे बघत होतात. माझ्या तोंडाकडे. आणि माझ्या तोंडाकडे बघत बघत म्हणालात, गोल नसेल तर हिला तलाक."

बाहेर पोरं चेंडूवाचून ताटकळली होती. देसूकीला काहीतरी म्हणायचं होतं हे दिसत होतं, पण जे सुचत होतं ते खरं नसावं, म्हणून तो म्हणाला नाही.

शेखना पुन्हा बोलावणं धाडलं, त्यांच्या मागोमाग अबू रिदा आणि तामेरही आत आले. त्यांनी सगळं ऐकलं, दाढीवरून हात फिरवला, पुन्हा ऐकलं. "न बघता घेतलेली शपथ," ते म्हणाले. "ना खरी, ना खोटी. माझ्या मते लग्न शाबूत आहे, पण मनात किंतु घेऊन कोणी संसार करू नये. आपण निकाह पुन्हा लावून घेऊ, म्हणजे शंकाच नको. मात्र त्याला इन्साफचा होकार हवा."

सगळे इन्साफकडे बघायला लागले. पहिल्या निकाहाच्या वेळी तिच्या वतीने तिच्या वडिलांनी हो म्हटलं होतं. या वेळी तीच बसली होती. तिने बाजूला सारलेलं ताट पुढे ओढून उरलेले खडे वेचले, तोवर अबू रिदाने दोनदा घसा खाकरला.

"हो," ती म्हणाली.

"मेहर काय लिहू? नवऱ्याने तुला काय द्यायचं?"

"आमच्या बैठकीतल्या सोफ्याची गादी बदलून द्यायची. तीन ठिकाणी स्प्रिंगा वर आल्यात."

सगळे हसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुमयातभर सोफे भरून देणाऱ्याच्या घरी बसायची चोरी.

"आणखी काही अट?" शेख म्हणाले.

"एकच. शुक्रवारी मी बाल्कनीत येणार नाही."

"एवढंच?" देसूकी म्हणाला आणि मोठ्याने हसला. आठवडाभरात पहिल्यांदा. "एवढंच ना? कबूल!" तामेर आणि अबू रिदा साक्षीला बसले, मी बदक चुलीवर चढवलं, आणि इन्साफ आपली उशी काखेत घेऊन जिना चढून गेली. मलाही तेव्हा वाटलं, एवढंच ना. चांगलीच सुटका झाली.

सोफा लगेच झाला. काय झालाय म्हणून सांगू, हिरवं कापड, काठाला दोरी, मी बसून आले. घरात दोघं हसतखेळत असतात, तिचं आणि त्याचं बोलणं खाली ऐकू येतं. तिने त्या दिवसाचा विषय परत काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी देसूकी लग्नवाल्यांकडून खेळला. आणि काय गोल मारला! चेंडू जमिनीलगत, दोन विटांच्या बरोबर मधून. हाताचा प्रश्न नाही, उंचीचा प्रश्न नाही, शपथेचं कारण नाही. खुद्द तामेरने टाळ्या वाजवल्या. देसूकी गर्रकन वळला आणि वर बघितलं. बाल्कनीचं दार लावलेलं होतं. आतून भांडी मांडल्याचा आवाज येत होता. अबू रिदा त्याच्या गळ्यात पडला तरी तो तसाच वर तोंड करून उभा.

मग तो माझ्या खुर्चीपाशी आला. घाम पुसत म्हणाला, "ताई, गोल झाला ना?"

"झाला की! डोळे फुटले का तुझे?"

"नक्की?"

"अरे, आख्ख्या गल्लीने पाहिला."

तो मान हलवून परत गेला. मी इन्साफला त्यानंतर एकदा विचारलं, "किती दिवस असं चालायचं गं?" ती म्हणाली, "कसं, वन्सं? मी तर आले ना परत." आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. ती रागावलेली नाही, हे मी शपथेवर सांगेन, म्हणजे सांगणार नाही, शपथ सोडली आहे आम्ही सगळ्यांनीच. पण मग ते दार का लागतं, आणि ती परत आलीय तर देसूकीला काय परत मिळालेलं नाही, हे मला कोणी समजावून सांगेल तर बरं.

आता दर शुक्रवारी गोल मारला की तो माझ्याकडे येतो. "ताई, झाला ना?" मी म्हणते, झाला. तो मान हलवतो आणि खेळायला जातो, पण त्याला पटलेलं नसतं.